तीनवर भागव

दिवसभर मी एक लाख बत्तीस हजार व्होल्टच्या कुंपणाशी
हातमोजे घालून उभा असतो.
सोहारच्या स्मेल्टरला झोप नाही,
तिथली वीज दातांत ऐकू येते.
रात्री खोलीवर येऊन
तीन पूर्णांक तीनची वीज
उघड्या बोटांनी हाताळतो.
ती चावत नाही. जिभेला लावली
तर फार तर आंबट लागेल.

प्रोसेसर भंगारातला.
जुनं कंट्रोल पॅनल उखडलं तेव्हा
स्टोअरकीपर खमीस बलूशीनं विचारलं, यात सोनं आहे का?
म्हटलं, असेल पायांना, नखभरसुद्धा नाही.
मग ने, म्हणाला,
आणि सह्या मात्र दोन ठिकाणी घेतल्या.

चाळीस पाय. दोन वाकलेले.
डेटाशीट म्हणते, पाच व्होल्ट हवेत.
मी म्हणालो, बाबा, तीनवर भागव.
सेकंदाला चाळीस लाख पावलांची तुझी सवय,
इथे कोण मागतंय तेवढी?
लाखभर टाक, पुष्कळ झालं.
भागवतो तो.

शेजारची चिप कोरी आली होती.
तिला लिहून दिलं:
सगळ्यात वरची तार शून्य असेल तर रॉमला उठव,
एक असेल तर रॅमला,
दोघांना एकदम कधीच नाही.
आणि, किंवा, नाही: एवढीच तिची भाषा.
आमच्या कॅम्पात रजेचा अर्जही या तीन शब्दांवर चालतो,
बहुतेकदा तिसऱ्यावर.

खेडच्या आयटीआयत एक ट्रेनर किट होतं.
गुरवसर ते कपाटातून काढत,
वर्षातून एकदा, इन्स्पेक्शनला.
आम्ही दोन फुटांवरून बघून जर्नलमध्ये चित्र काढलं.
मी कीपॅड हिरवा रंगवला, फार सुंदर.
दहापैकी नऊ.
एक का कापला, तर म्हणे केबल दाखवली नाहीस.
केबल कपाटातच होती, सर.

पहिला महिनाभर घड्याळ नव्हतं.
बटण दाबायचं, की एक ठोका.
बोटानं एकदा सांगितलं, यंत्रानं सात ऐकलं.
आतली पत्री थरथरते, डोळ्यांना दिसत नाही.
ती थरथर कोऱ्या चिपला गिळायला शिकवण्यात
तीन शुक्रवार गेले.
एक पाय जोडायचाच राहिला होता,
ना शून्य, ना एक.
हात जवळ नेला की दिवा लागायचा,
सुकुमारननं फ्रिज उघडला तरी लागायचा.
त्या पायाकडे मी बराच वेळ बघत बसलो.
मग दहा हजार ओहम लावून त्याला वर बांधला.

शेवटी आठही डेटा तारा जमिनीला टेकवल्या.
आता तो कुठेही वाचो, शून्यच वाचणार.
आणि त्याच्या भाषेत शून्य म्हणजे
काहीच करू नको, पुढच्या दारी जा.
पासष्ट हजार पाचशे छत्तीस दारं,
प्रत्येक दारात तोच निरोप.
संपली की परत पहिलं.
सोळा दिवे लावलेत, लाल.
निळ्यांना तीन व्होल्ट पुरत नाहीत.

हे करतं काय? सुकुमारननं विचारलं.
सध्या काही नाही.
आठ महिने?
हो.

काल अडॅप्टर जळला. रात्रीचे साडेअकरा.
टेबलावर एसीचा रिमोट होता.
त्यातले दोन सेल काढले. दीड आणि दीड.
दिवे लागले,
खालचे इतके जलद की नुसते मंद दिसतात,
सगळ्यात वरचा सावकाश.

एसी अठरावर अडकला.
बाहेर जुलै, भिंतीला हात लावावत नाही,
आणि सुकुमारन दोन चादरींत.
मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला, मी अर्थ विचारला नाही.
मग उशीवरून मान उचलून
त्या वरच्या दिव्याकडे बघत राहिला.
आता विझेल, म्हणाला.

विझला.

आता लागेल.